‘कळवतो’ म्हणण्याआधी नाव लिहून घ्या

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गडमुडशिंगीच्या या मेळाव्यात संगणकाविषयी चार शब्द सांगावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक. संगणक शिकलो तो उशिरा, आणि तोही मुलांच्या प्रश्नांना उत्तर देता यावे म्हणून. त्यामुळे आज एकच गोष्ट सांगतो. ती मला पुस्तकापेक्षा माझ्या एका चुकीने अधिक शिकवली.

काही वर्षांपूर्वी एक पालक मुलीच्या शिष्यवृत्तीची चौकशी करायला माझ्याकडे येत. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ते रोजंदारीवर होते. “सर, फॉर्म आलं का?” “नाही आले, पुढच्या आठवड्यात या.” असे चार वेळा झाले. दर खेपेला त्यांचा अर्धा रोज बुडे. पाचव्या खेपेला मलाच लाज वाटली. म्हणालो, “आता हेलपाटे घालू नका. आले की मी कळवतो.” ते निर्धास्त झाले. पण मी त्यांचे नाव कोठेही लिहून घेतले नाही. अर्ज आले, मुदत संपली, आणि त्या मुलीची त्या वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली.

आता संगणकाकडे वळू. पडद्यावर एक बटण आहे. ते कोण, केव्हा दाबील हे कार्यक्रम लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. बटण दाबले जाणे, अक्षर टंकले जाणे, निरोप येणे, अशा घडामोडीला ‘इव्हेंट’ म्हणतात. एक मार्ग असा, की यंत्राने सारखे विचारत राहावे: “दाबले का? दाबले का?” ही झाली त्या पालकांची पायपीट. श्रम फार, हाती काही नाही. दुसरा मार्ग म्हणजे बटणाकडे आपले नाव नोंदवून स्वस्थ राहावे. घटना घडली की बटणच हाक मारील. या उलट हाकेला ‘कॉलबॅक’ म्हणतात.

पण हाक मारायची कोणाला? आपल्याकडील उसाचेच पाहा. शेतकरी उसाची नोंद देतो आणि आपल्या कामाला लागतो. पाळी आली की निरोप येतो, “तुमची तोड आली.” निरोप एवढाच. गाडीला वाट कोठून द्यायची, पाणी केव्हा बंद करायचे, घरचे कोण मदतीला येईल, हे सारे शेतकऱ्याच्या डोक्यात असते. कारखान्याला ते माहीत असण्याचे कारण नाही. त्याला एवढेच हवे, की नोंदलेल्या माणसाने निरोप ऐकून घ्यावा.

संगणकातील ‘ऑब्जेक्ट’ हा असाच नोंदलेला माणूस होय. त्याच्याजवळ स्वतःची माहिती असते आणि ती वापरून काम करण्याच्या रीतीही असतात. ही कल्पना १९६० च्या दशकात नॉर्वेतील डाल व न्यूगोर यांच्या ‘सिम्युला’ या भाषेतून पुढे आली. नुसता हुकूम नोंदवला तर तो हुकूमच राहतो. ऑब्जेक्ट नोंदवला तर स्मरण असलेला जबाबदार माणूस नोंदवल्यासारखे होते.

जावा भाषेचा इतिहास याला साक्ष आहे. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत बटणाचे काम बहुधा त्या खिडकीच्याच वर्गात लिहावे लागे, आणि कोणते बटण दाबले हे तपासत बसावे लागे. १९९७ च्या १.१ आवृत्तीने ही रीत बदलली. ‘ॲड-ॲक्शन-लिसनर’ म्हणून ऑब्जेक्टची नोंद करायची. बटण दाबले की त्याच्या ‘ॲक्शन-परफॉर्म्ड’ या रीतीला हाक येते. सोबत घटनेची माहिती असलेला आणखी एक ऑब्जेक्ट येतो. ती जणू तोडीची चिठ्ठीच. एकाच बटणाकडे अनेकांची नोंद करता येते. एकाने गुण साठवावेत, दुसऱ्याने बेरीज दाखवावी. बटणाला त्यांच्या कामाची फिकीर नसते. २०१४ च्या जावा ८ पासून असे लहान काम एका ओळीत लिहिता येते. पण नोंद केल्यावाचून हाक नाही, हा नियम कायम आहे.

विद्यार्थी मित्रहो, दोन पथ्ये लक्षात ठेवा. हाक आली की काम चटकन उरकून परत फिरा. खिडक्यांच्या कार्यक्रमात बहुधा एकच हात सर्वांना निरोप वाटत असतो. तुम्ही त्याला अडवून धरले तर पडदा गोठतो आणि बाकीचे ताटकळतात. दुसरे असे, की गरज संपली की नोंद काढून टाका. शेत विकले तरी जुने नाव वहीत राहिले, तर निरोप भलत्याच दारी जातो. संगणकात असे निरुपयोगी ऑब्जेक्ट स्मृतीची जागा अडवून बसतात.

पालकहो, हे शास्त्र आपल्या मुलांना जमेल का, अशी शंका बाळगू नका. नोंद, निरोप आणि जबाबदारी हे तिन्ही आपल्या घरात रोजचे आहेत. मुलगी घरी येऊन ‘लिसनर’ म्हणाली, तर तिला उसाची नोंद आठवून द्या. पुढचे ती आपल्याला समजावील.

माझ्यापुरते म्हणाल, तर त्या वर्षापासून माझ्या टेबलावर एक वही आहे. कोण आले, कशासाठी आले, कोणत्या क्रमांकावर कळवायचे, हे लिहिल्यावाचून मी कोणालाही ‘कळवतो’ म्हणत नाही. त्या मुलीचे गेलेले वर्ष मला परत देता येणार नाही. तिच्या वडिलांसारखा हेलपाटा दुसऱ्या कोणाला पडू नये, एवढे मात्र माझ्या हाती आहे.