पडद्यावरचे गुरुजी

'काय हा अवतार!' असे आपण केव्हा म्हणतो? मुलगा चिखलात लोळून घरी आला म्हणजे. हल्ली मात्र हा शब्द शिक्षणाच्या क्षेत्रात निराळ्याच अर्थाने शिरला आहे. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर एक चित्रातला माणूस येतो, डोळे मिचकावतो, ओठ हलवतो आणि धडा शिकवतो. त्याला म्हणतात अवतार. आपलाच शब्द इंग्रजीच्या घरी राहून, नवा कोट घालून परत आला, एवढेच! या बोलक्या अवतारांविषयी आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. २०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि आम्हा शिक्षकांवर घरी बसून मोबाइलवर धडे करण्याची वेळ आली. मी श्वसनाचा धडा घेतला. अंगात कोट चढवला, पाठीमागे फळा टांगला आणि घसा साफ करून म्हणालो, 'विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे की, उच्छ्वासाच्या वेळी श्वासपटल वर सरकते व फुप्फुसांतील हवा बाहेर टाकली जाते.' आठ दिवसांनी एका विद्यार्थिनीला फोन केला. घरात मोबाइल एकच. वडील रात्री कामावरून आले की तो हिच्या हाती यायचा. 'धडा पाहिलास का गं?' मी विचारले. ती म्हणाली, 'पाहिला गुरुजी. पण त्यात तुम्ही कुणाशी बोलत होता?'

मी गप्पच झालो. वर्गात मी असा कधी बोलत नाही. वर्गात 'काय रे, कळलं का? नाही? बरं, पुन्हा बघू' असे चालते. कॅमेरा समोर आला आणि माझ्या तोंडून पाठ्यपुस्तकच बोलू लागले!

पुढे एका स्नेह्याने सल्ला दिला, 'गुरुजी, तुमच्या जागी एखादा गोंडस अवतार बसवा. मुलं हलायची नाहीत.' सल्ला ऐकायला गोड होता. पण मुले पडद्यापुढे बसणे निराळे आणि मुलांना समजणे निराळे. हा फरक कसोटीला लावून पाहणारी माणसे जगात आहेत. त्यांचे काय म्हणणे आहे, ते पाहू.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात जेम्स लेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हर्मन' नावाचा एक बोलका किडा तयार केला होता. मुलांनी संगणकावर रोप रचायचे. वारा, पाऊस, ऊन कसे आहे ते पाहून मूळ, खोड, पाने निवडायची, आणि हर्मनने सल्ला द्यायचा. रोक्साना मोरेनो आणि रिचर्ड मेयर यांनी लेस्टर यांच्यासह या किड्याची परीक्षा घेतली. ते प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाले. हर्मनच्या सोबतीने शिकलेल्यांना नवे प्रश्न अधिक चांगले सोडवता आले. झाले, अवताराचा जय झाला असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. संशोधकांनी पुढे हर्मनचे चित्र काढून टाकले आणि आवाज तेवढा ठेवला. शिकण्यात फरक पडला नाही! मात्र आवाज काढून तेच शब्द पडद्यावर लिहून दाखवले, तेव्हा शिकणारे मागे पडले. म्हणजे किड्याची करामत त्याच्या रूपात नव्हती, बोलण्यात होती.

आपल्याला याचे नवल वाटायला नको. य. के. पाध्ये यांचा आणि त्यांच्यामागून रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव आपण पाहिला आहे. बाहुला तो बाहुलाच. पण तो बोलू लागला की लोक सरसावून बसत. तो आपल्याशी बोलतो आहे, असे प्रत्येकाला वाटे.

आता बोलणे कसे असावे? मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ सालचा एक प्रयोग आहे. योगायोग पाहा, धडा माझाच, श्वसनाचा! एका गटाला तो पुस्तकी भाषेत ऐकवला. दुसऱ्या गटाला तोच धडा, तेच चित्र. फक्त 'फुप्फुसे', 'घसा' यांच्या आधी 'तुमची', 'तुमचा' असे शब्द घातले. पाठ केलेले आठवण्यात दोन्ही गट सारखेच राहिले. पण समजलेले नव्या प्रश्नाला लावायची वेळ आली, तेव्हा 'तुमची फुप्फुसे' ऐकणारा गट सरस ठरला. कुणीतरी आपल्याशी बोलते आहे असे वाटले की मन अधिक कष्ट घेते, असा त्याचा अर्थ लावतात.

इंग्रजीत एका 'यू'वर भागते. आपली मराठी मोठी चोखंदळ आहे. लहान मुलाशी 'तू', कामावरून थकून रात्री शिकायला बसलेल्या प्रौढाशी 'तुम्ही'. शिवाय 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद आहेच. 'आम्ही हे गणित सोडवतो' म्हटले की मूल दाराबाहेर राहिले. 'आपण सोडवू या' म्हटले की ते आत आले. इंग्रजीवरून उतरवलेला अवतार इथेच फसतो. सात वर्षांच्या पोराला तो 'आपले अभिनंदन' म्हणतो, आणि पोर मागे वळून पाहते, कुणाचे म्हणून!

पण म्हणून अवतार टाकाऊ आहे असे समजू नका. तो आकृतीकडे बोट दाखवत असेल, बघायचे तिकडे स्वतः बघत असेल, तर त्याचा उपयोग होतो. कोपऱ्यात नुसता हसत बसला, तर ती शोभेची वस्तू. यंत्राचा आवाजही आता सुधारला आहे. २००३ च्या चाचणीत तो माणसाच्या आवाजापुढे फिका पडला होता. २०१७ मधल्या चाचणीत नवा आवाज मागे पडला नाही. काही अवतार तर आता प्रश्नांना उत्तरेही देतात. मात्र चुकलेले उत्तरही ते त्याच हसऱ्या चेहऱ्याने देतात, हे ध्यानात असू द्या. आणि गप्पांची भाषा म्हणजे पाल्हाळ नव्हे. धड्याशी संबंध नसलेले विनोद घुसडले की विनोद लक्षात राहतो आणि धडा जातो.

माझ्या धड्याचे पुढे काय झाले? कोट खुंटीला टांगला. चेहरा काढून टाकला. नुसता आवाज आणि एक आकृती ठेवली. मोबाइलचा डेटाही कमी लागला, आणि त्या घरात तो विचारही होताच. या वेळी म्हणालो, 'हात पोटावर ठेव बघू. आता श्वास सोड. पोट आत गेलं ना? तुझ्या फुप्फुसांखालचा पडदा आता वर सरकला. मग आतली हवा कुठं गेली असेल? थांब, आधी तुझं उत्तर वहीत लिही.' आणि मी दहा सेकंद खरोखरच थांबलो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा निरोप आला, 'गुरुजी, उचकी लागते तेव्हा हाच पडदा हलतो का?'

हाच हलतो. पण तो प्रश्न धड्यात नव्हता, तो तिचा होता. तुम्ही शिक्षक असा, पालक असा, पडद्यावर अवतार बसवा की बसवू नका. पण धडा तयार झाला की एकदा डोळे मिटून ऐका, आणि त्या मुलीचा प्रश्न स्वतःला विचारा: यात मी कुणाशी बोलतो आहे?