एक धावते, सारं घर धावतं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. समितीने सांगितलं, "ताई, तुमच्या मुलीला धावपटू कसं घडवलं ते सांगा," म्हणून उभी राहिले. पण खरं सांगते, तिला मी एकटीने घडवलेलं नाही. तेवढंच सांगायला आले आहे.

मला तीन मुलं. मोठा मुलगा बी.कॉम.ला, मधली सोळा वर्षांची, धाकटी आठवीत. मधली ८०० मीटर धावते. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकला दोन फेऱ्या. अडीच मिनिटांच्या आत शर्यत संपते, पण त्यासाठी घर वर्षभर राबतं. पहाटे साडेचारला आमच्याकडे दिवा लागतो. अंधारात पोरीला एकटं कसं पाठवणार? म्हणून दादा सायकल घेऊन तिच्याबरोबर जातो. त्यापायी त्याने पेपर टाकायचं काम सोडलं. महिन्याचे हक्काचे पैसे गेले. तिला झोप हवी म्हणून रात्री नऊला टीव्ही बंद. मग दादा आणि धाकटी पुस्तकं घेऊन इथे अभ्यासिकेत येऊन बसतात. अंडी तिला दोन, त्यांना एकेक. दोघांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मला वाटलं, सगळं छान चाललंय.

गेल्या वर्षी तिच्या स्पर्धेचा आठवडा होता. धाकटीचा शाळेत वक्तृत्वात पहिला नंबर आला. ती घरी आली तेव्हा मी आणि आमचे मिस्टर स्पाइक्सच्या बुटांचे पैसे कसे जमवायचे, ह्या हिशेबात होतो. पोर गप्प बसली. पंधरा दिवसांनी गादी झटकताना खालून प्रमाणपत्र निघालं. विचारलं तर म्हणाली, "आई, तेव्हा ताईची स्पर्धा होती ना." बस, एवढंच. भगिनींनो, ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

हे कळल्यावर मधली खूप रडली. आता रविवारी तिचा सराव नसतो, त्या दिवशी घरातली भांडी तीच घासते. धाकटीच्या पुढच्या भाषणाला ती सराव बुडवून गेली. तिच्या सरांनीच सांगितलं, "जा, एका दिवसाने वेळ वाढत नाही." जेवायला बसलो की पहिली धाकटी बोलते, मग दादा, शेवटी धावणारी. अंडी आजही तिला दोनच; मेहनतीच्या अंगाला ती लागतात, हे दोघांनाही पटतं. सारखं वाटणं जमत नाही, पण सारखी विचारपूस तर जमते!

मोठ्यांच्या घरीही हेच आहे. सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचे असताना, १९८४ साली, त्यांना शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे नेलं ते थोरल्या भावाने, अजित यांनी. पहिली बॅट दिली बहीण सविता यांनी. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोप घेताना सचिन यांनी आईवडील, काका-काकू आणि भावंडांची नावं घेऊन आभार मानले. अजितने माझ्यासाठी स्वतःच्या कारकिर्दीवर पाणी सोडलं, हेही त्यांनी सांगितलं. साऱ्या देशाने ते ऐकलं. पण आपल्या घरातल्या अजित-सविताला आपण निरोपाच्या भाषणापर्यंत थांबवायचं का?

म्हणून समितीला एक विनंती आहे. आपल्या वस्तीतल्या खेळाडू मुलामुलींचा इथे सत्कार होतो, तेव्हा त्यांच्या भावंडांनाही स्टेजवर बोलवा. हार एकच असला तरी चालेल, पण नाव सगळ्यांचं घ्या. आणि आयाबायांनो, आज घरी गेल्यावर गादी जरा झटकून बघा.