रचना, प्रक्रिया, फलित: आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे मोजमाप

आरोग्यसेवेची गुणवत्ता मोजण्याची आजची मांडणी अवेदिस डोनाबेडियन यांच्या १९६६ सालच्या निबंधावर उभी आहे. बैरूतमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवणाऱ्या या डॉक्टरांनी मोजमापाच्या तीन बाजू सांगितल्या: रचना, प्रक्रिया आणि फलित.

प्रसूतिकक्षात या तिन्ही सहज दिसतात. प्रशिक्षित परिचारिका, चालू स्थितीतला वॉर्मर, फ्रीजमध्ये ठेवलेले ऑक्सिटोसिन ही रचना. तपासणीआधी हात धुतले का, बाळ बाहेर येताच मिनिटभरात आईला इंजेक्शन मिळाले का, ही प्रक्रिया. आई आणि बाळ सुखरूप घरी गेले का, हे फलित.

प्रत्येक बाजूला मर्यादा आहे. वॉर्मर असतो, पण वीज नसते. प्रसूतीची प्रगती नोंदवण्याचा तक्ता, म्हणजे पार्टोग्राफ, पूर्ण भरलेला दिसतो, पण तो प्रसूती झाल्यावर बसून भरलेला असतो. फलिताचीही फसगत होते: अवघड केस जिल्हा रुग्णालयाकडे धाडल्या जातात आणि मृत्युदर तिथला वाढतो. रुग्णांच्या गंभीरतेचा हिशेब न धरता अशा रुग्णालयाला नापास ठरवणे हा सरळ अन्याय आहे.

तिन्ही बाजू एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे डोनाबेडियन यांचे गृहीतक. ते दर ठिकाणी तपासून घ्यावे लागते. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्यकेंद्रांत झालेला ‘बेटरबर्थ’ अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची यादी निम्म्या केंद्रांतील कर्मचाऱ्यांना सोबत राहून शिकवली गेली. दोन महिन्यांनी तिथे आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. तरीही माता-बालकांचे मृत्यू आणि मातांच्या गंभीर गुंतागुंती यांत फरक पडला नाही. यादी पाळली गेली, पण गुंतागुंत हाताळण्याचे कौशल्य आणि वेळेवर पुढच्या रुग्णालयात पोहोचण्याची सोय यादीने येत नाही, हे त्याचे पटणारे कारण.

गडचिरोलीचा अनुभव याच्या उलट आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे, जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचेही शिक्षण दिले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. इमारत नव्हती, खाटा नव्हत्या. पण गावोगावचा प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदला जात होता. त्या नोंदींशिवाय हे यश कोणालाच दिसले नसते.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ मध्ये चांगल्या सेवेचे सहा गुण ठरवले: सुरक्षितता, परिणामकारकता, रुग्णकेंद्रितता, वेळेवर मिळणे, कार्यक्षमता आणि समन्याय. भारताच्या सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके आहेत. त्यांच्या आठ विभागांत फलित हा एक, तर रुग्णांचे हक्क हा स्वतंत्र विभाग आहे, आणि तो असायलाच हवा. प्रसूतीच्या वेळी ओरडा खाल्लेल्या बाईचे बाळंतपण सुखरूप झाले, तरी ती सेवा चांगली म्हणता येत नाही.

गुणवत्ता मोजणाऱ्यांपुढचे काम नेमके आहे: मानकांची टक्केवारी आणि प्रत्यक्ष फलित यांच्या नोंदी एकाच तक्त्यात आणणे, आणि त्या तालुका, जात व उत्पन्नगटानुसार वेगवेगळ्या मांडणे. जिल्ह्याची एकच सरासरी काढली की दुर्गम पाड्यांवरचे मृत्यू तिच्यात झाकले जातात.