शुश्रूषेचे श्रम



प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर बोलायला डॉक्टर सोडून युनियनचा माणूस कशाला, असे आपणांस वाटले असेल. औषधावर डॉक्टरांनीच बोलावे. आम्ही बोलणार आहोत ते आजाऱ्याच्या बायकोच्या कामावर. आणि काम हा आमचा विषय आहे. आमची शाळा कारखाना आणि मोफत वाचनालय. तेव्हा भाषा साधी असेल.

हा रोग पुरुषाच्या संप्रेरकावर पोसतो, ते तोडले की माघार घेतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परळचे टाटा रुग्णालयही १९४१ चेच. रोग हाडांत उतरला की आजही उपचाराचा पाया तोच आहे : वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया, नाही तर महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन, जोडीला गोळ्या किंवा केमोथेरपी. अशा वेळी रोग सहसा समूळ जात नाही, पण पुष्कळदा काही वर्षे आवरून धरता येतो.

मात्र संप्रेरक तोडले की माणूसही बदलतो. अंगातून वाफा निघतात, थकवा येतो, हाडे विरळ होतात, कामवासना मावळते, मन हळवे होते. आमच्या एका सभासदाच्या पत्नीला हे कोणी सांगितलेच नव्हते. तीस वर्षे लेथवर उभा राहिलेला गडी पंख्याखाली घामाने भिजे, क्षुल्लक कारणाने रडे आणि तिच्याकडे पाठ करून निजे. सहा महिने ती समजत होती, आपलेच काही चुकले. शेवटी इंजेक्शनच्या खोक्यातला इंग्रजी कागद घेऊन ती युनियनच्या ऑफिसात आली. म्हणाली, "भाऊ, एवढा वाचून दाखवा." आम्ही अर्थ सांगितला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हे माझ्यावर रागावलेले नाहीत तर!"

आता तिच्या कामाचा तक्ता पाहा. अबिराटेरोनची गोळी उपाशीपोटी : आधी दोन तास आणि नंतर एक तास अन्न नाही. केमोथेरपी चालू असता ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे. पाठीच्या दुखण्याबरोबर पायांतले बळ गेले किंवा लघवी अडली, तरी तसेच. मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असेल, तर काही तासांच्या उशिरानेही पाय कायमचे जाऊ शकतात. त्यात फायली, रांगा आणि स्वयंपाक. कारखान्यात याला परिचारिका, कारकून आणि रात्रपाळीचा पहारेकरी असे तिघे नेमावे लागतील. विमा असलेल्या आजारी कामगाराला राज्य विमा योजनेत दीर्घ आजाराचा भत्ता मिळतो. त्याची बायको मात्र शुश्रूषेसाठी खाडा करते, तेव्हा तिची मजुरी बुडते ती बुडतेच.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आहेत. पहिल्या इंजेक्शनाआधी डॉक्टरांनी नवराबायको दोघांनाही समोर बसवून मराठीत सारे सांगावे. शरीरसंबंधाची गोष्टही लाजून टाळू नये. मुलांनी, दिरांनी, शेजाऱ्यांनी आठवड्यातली एक रात्र आणि इस्पितळाची एक खेप आपल्या अंगावर घ्यावी. नुसते "काही लागले तर सांगा" म्हणू नये. वार ठरवून यावे. आणि आजारी बांधवांनो, आपणही तिच्याशी बोला. आपल्या मौनाचा अर्थ लावण्याचे जादा काम तरी तिच्यावर टाकू नका.