सुक्या कचऱ्यावर हक्क कोणाचा?



परतूरसारख्या तालुक्याच्या गावी रद्दी, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या उंबरठ्याबाहेर पडल्या की घरच्यांच्या लेखी त्यांची किंमत संपते. श्रमिकाच्या लेखी ती तेथूनच सुरू होते. वेचणारी बाई माल निवडते, भंगारवाला तो घेतो, ठोक व्यापारी कारखान्याकडे धाडतो. जालन्याच्या पोलाद उद्योगाच्या भट्ट्या भंगारावरच चालतात. या साखळीत त्या बाईचा वाटा मात्र सर्वांत तुटपुंजा.

ओल्या कचऱ्यात टाकलेला कागद भिजतो, त्याचा भाव पडतो. घरातील आळसाचा भुर्दंड रस्त्यावरच्या बाईने भरायचा, असा हा न्याय!

पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. सभासदांनी घरोघरचा कचरा उचलायचा, घरटी शुल्क घ्यायचे आणि सुका माल विकून येणारा पैसाही त्यांचाच. हा शेवटचा हक्क सर्वांत मोलाचा.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले, कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. परंतु ठेकेदाराला पैसे वजनावर मिळत असतील, तर कचरा जितका जड तितका त्याचा लाभ. वर्गीकरण त्याला हवे कशाला? म्हणून परतूरच्या कार्यकर्त्यांनी नगर परिषदेपुढे केवळ घंटागाड्या वाढवण्याची मागणी नेऊ नये. ठेक्याच्या अटी मागवून वाचाव्यात आणि सुक्या मालाच्या विक्रीचा हक्क वेचणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेस मिळेल, हे कलम त्यांत घालून घ्यावे.