संशयास आधार किती हवा?

मद्य पिऊन मोटार हांकणाऱ्यास अडवावें, याविषयीं दुमत नाहीं. वाद उद्भवतो तो अडविण्यापूर्वींच्या क्षणाविषयीं. अमेरिकेंत अटकेस सबळ कारण लागतें. मोटार थांबविण्यापुरता वाजवी संशय पुरतो. मात्र ही पहिली पायरीच ढांसळली तर पुढें हातीं आलेला पुरावा बहुधा टिकत नाहीं. खालच्या कोर्टानें नोंदलेली हकीगत संघीय अपील न्यायालय सहसा बदलीत नाहीं. पण तिच्यावरून आधार सिद्ध होतो कीं नाहीं, हें तें स्वतः नव्यानें पाहतें. म्हणून अपिलांत वकिलांचा रोख तेथेंच असतो.

२००८ सालीं कॅलिफोर्नियांत एका अनामिक व्यक्तीनें टेलिफोन केला, कीं अमुक नंबरच्या मोटारीनें आपणांस रस्त्याबाहेर लोटलें. पोलिसांनीं ती मोटार गांठली. सुमारें पांच मिनिटें ते मागोमाग गेले; हांकण्यांत कांहींच वावगें दिसलें नाहीं. तरी ती थांबविली, आणि आंत निघाला तो ३० पौंड गांजा!

'नॅव्हॅरेट विरुद्ध कॅलिफोर्निया' या नांवानें हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०१४ सालीं ५ विरुद्ध ४ मतांनीं पोलिसांची कृति वैध ठरली. न्या. थॉमस यांच्या मतें तक्रार ताजी व प्रत्यक्ष अनुभवाची होती, टेलिफोनचा मागही काढतां येतो, आणि असें हांकणें हें मद्यपानाचें लक्षण होय. न्या. स्कॅलिया यांचा भिन्न अभिप्राय अधिक मर्मभेदी आहे. पोलीस मागें दिसले म्हणून झिंगलेला मनुष्य पांच मिनिटें नीट हांकूं शकेल काय? आणि केवळ द्वेषानें कोणी असा टेलिफोन केला, तर निरपराध प्रवाशाचें रक्षण कोण करणार?