शिपायाचे सामान्य ज्ञान



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्यांच्या पंगतीत पोलीस भरतीच्या परीक्षेतील सामान्य ज्ञानाचे पान मांडलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु पहाटे भोसरीला, चिखलीला किंवा चाकणच्या बाजूला रस्त्याच्या कडेने धावणारी मुलेमुली आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतील कितीतरी जण दिवसा एखाद्या कारखान्यात कंत्राटी कामावर असतात आणि रात्री खोलीवर परतल्यावर एक जाडजूड गाईड उघडून बसतात. ते गाईड ती कशी वाचतात आणि कशी वाचावीत, एवढाच आजचा विषय आहे. आम्हांला तो लहान वाटत नाही. यांतूनच उद्या कोणीतरी अंगावर खाकी चढवून आपल्या दारात उभा राहणार आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. शिपायाच्या भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांनी १६०० मीटर आणि मुलींनी ८०० मीटर धावावयाचे, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. पुढे १०० गुणांची लेखी परीक्षा. तीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान व चालू घडामोडी असे चार भाग असतात आणि वेळ ९० मिनिटांचा. एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. २०२४ साली राज्यात १७,४७१ जागा भरावयाच्या होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांच्या वर. एका जागेमागे सुमारे शंभर उमेदवार! हा आकडा ध्यानात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

गणिताला रीत असते, व्याकरणाला नियम असतात. सामान्य ज्ञानाला मात्र बांध नाही. म्हणून मुले घोकंपट्टीचा आश्रय घेतात. सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. विधानसभेचे सदस्य २८८, विधानपरिषदेचे ७८. पोलीस स्मृतिदिन २१ ऑक्टोबर. पाठांतराला आमचा विरोध नाही. पाठ नसेल ते ऐनवेळी आठवत नाही, हे आपल्या आजीबाईंना पाढे म्हणून घेताना ठाऊक होतेच. परंतु जे नुसते घोकले ते आठवड्याभरात गळते, आणि जे कशाला तरी बांधून ठेवले ते राहते. २१ ऑक्टोबर ही तारीख घ्या. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत दहा पोलीस कामी आले. सीमेवर तेव्हा पोलीस पहारा देत होते, हे एकदा कळले की ती तारीख पुन्हा पाठ करावी लागत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. ‘रँडचा वध कोणी केला?’ हा गाईडातला नेहमीचा प्रश्न. उत्तर तयार असते: चापेकर बंधू, २२ जून १८९७, गणेशखिंड. हे चापेकर आपल्या चिंचवडचे. पण मुलांना पुढचा प्रश्न विचारावा: का केला? पुण्यात प्लेग आला होता. त्याच साली साथरोगांचा कायदा झाला होता आणि रोगी शोधण्यासाठी गोरे शिपाई लोकांच्या घरांत शिरत होते. माजघर, देवघर, बायाबापड्यांची खोली, कशाचाही विधिनिषेध राहिला नव्हता. रोग हटविण्याचा हेतू असेलही. पण ज्या रीतीने दार उघडले गेले त्या रीतीने शहर पेटले. पुढे चापेकर बंधूंना फाशी झाली. तोच १८९७ चा कायदा २०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा उपयोगात आणला गेला, आणि रस्त्यावर उभे राहून त्याची अंमलबजावणी कोणी केली? आपल्या पोलीस शिपायांनीच. तेव्हा एका गुणाच्या या उत्तरात, दुसऱ्याच्या घराचा उंबरठा कसा ओलांडावा हा शिपायाच्या उभ्या नोकरीला पुरणारा धडा आहे.

दुसरे उदाहरण नदीचे. पवना कोणत्या नदीला मिळते? मुळेला, दापोडीपाशी. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळामुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपल्या नळाच्या पाण्यापासून निघून मुलगा नकाशावर पूर्व किनाऱ्यापर्यंत जातो. भूगोलाचे पाच प्रश्न एकाच दोऱ्यात ओवले जातात. परंतु येथेही थांबू नये. पवना धरणाचे पाणी बंद नळाने आपल्या शहराला आणण्याची योजना झाली आणि मावळातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन माणसे मृत्युमुखी पडली. त्या पाण्याचे वाटेकरी आपण या सभागृहात बसलो आहोत. अशा रस्त्यावर बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या शिपायाला पवना ही मुळेची उपनदी एवढेच ठाऊक असावे, की समोरचा माणूस तेथे का आला आहे हेही ठाऊक असावे? हुकूम पाळणे त्याला भागच आहे. तरीही समोरच्याचे दुःख जाणणाऱ्याचा हात आणि न जाणणाऱ्याचा हात यांत फरक पडतो, असे आम्ही मानतो.

तिसरी गोष्ट चाकणची. गाईडात चाकण येते ते संग्रामदुर्गामुळे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या प्रचंड सैन्यापुढे तो भुईकोट सुमारे दोन महिने झुंजविला. आज त्याच चाकणला मोटारींचे कारखाने आहेत आणि बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेश येथून आलेले कामगार आहेत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा चाकणही त्याच्या हद्दीत आले. ‘ओडिशाची राजधानी कोणती?’ हा प्रश्न मुलांना निरर्थक वाटतो. पण पगार बुडाला म्हणून, भाऊ दोन दिवस खोलीवर आला नाही म्हणून एखादा गंजामचा मजूर ठाण्यात येऊन मोडक्या हिंदीत बोलू लागेल, तेव्हा त्याचा जिल्हा ओळखणारा शिपाई त्याला निम्मा धीर तेथेच देईल. भुवनेश्वर हे उत्तर त्या दिवशी उपयोगी पडते.

आता एक सावधगिरीची सूचना. सामान्य ज्ञान शिळे होते. महाराष्ट्र झाला तेव्हा, १९६० साली, जिल्हे २६ होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ते ३६ झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. सर्वांत मोठा फेरफार कायद्यांत झाला. १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे ३०२ कलम आता १०३ झाले, आणि बोलीभाषेत शिरलेले फसवणुकीचे ‘चारशेवीस’ आता ३१८ आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यात नोंदविता येते. रस्त्यावरच्या ढिगातले जुने गाईड चाळीस रुपयांना मिळते खरे; परंतु ते घेणाऱ्याने सालाची पाटी आधी पाहावी. गुण जातील ते जातीलच; उद्या ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून एखाद्या रडत्या बाईला परत पाठविणारा शिपाई त्या शिळ्या पुस्तकातूनच तयार होईल.

मग अभ्यास कसा करावा? आमची रीत साधी आहे. भिंतीवर महाराष्ट्राचा एक आणि भारताचा एक असे दोन नकाशे लावावेत. रोज एक वर्तमानपत्र अर्धा तास वाचावे आणि त्यात आलेले प्रत्येक गाव नकाशावर शोधावे. वहीत प्रत्येक गोष्टीपुढे तीन रकाने करावेत: काय, केव्हा, का. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट अजून आपली झालेली नाही असे समजावे. आठवड्यातून एकदा चौघांनी बसून एकमेकांना प्रश्न विचारावेत. आडवाट धरू नये. २०२१ च्या नोव्हेंबरात याच शहराच्या भरतीच्या परीक्षेला तोंडाच्या मास्कमध्ये यंत्र दडवून आणल्याचा प्रकार उघडकीस आला. कायद्याचा रखवालदार होण्यासाठी कायदा मोडावयाचा, याहून उलटी गोष्ट ती कोणती!

आता त्या आकड्याकडे वळू. शंभरांतील नव्व्याण्णव मुले निवडली जाणार नाहीत. त्यांना कोणीतरी हे स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि वयाची अट उलटेपर्यंत तीच एक वाट धरून बसू नका, हेही. जे नुसते घोकतात त्यांच्या हाती यादीत नाव नसेल त्या दिवशी रद्दी उरते. जे समजून वाचतात त्यांना कायदा कळलेला असतो, नकाशा कळलेला असतो, अर्ज कोठे करावा हे कळलेले असते. असा मुलगा पुढे कारखान्यात गेला, दुकानात बसला किंवा गावी शेतीवर परतला, तरी तो शहाणा नागरिकच राहील.

नागरिकहो, यात आपलाही वाटा आहे. आपापल्या भागातील वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे राहील आणि तेथे मुलींना निर्धास्तपणे बसता येईल व घरी जाता येईल, एवढे पाहावे. ज्यांच्या हाताखाली ही मुले काम करतात त्यांनी परीक्षेच्या दिवशी पाळी बदलून द्यावी, रोजंदारी कापू नये. निवृत्त शिक्षकांनी, वकिलांनी, पोलीस अधिकाऱ्यांनी आठवड्याची एक संध्याकाळ या मुलांना द्यावी आणि त्या वहीतला तिसरा रकाना त्यांच्याकडून भरून घ्यावा. चांगले पोलीस मिळावेत अशी इच्छा प्रत्येक शहर करते. त्यांच्या घडणीला हात लावण्याची संधी आपल्याला रोज पहाटे रस्त्यावर दिसत आहे.